वाचक विचारतात : चायकोव्हस्कींचे वडील नेमक्या कुठल्या फौजेत होते?

प्रश्न : संगीतकार प्योत्र चायकोव्हस्की यांच्या वडिलांना एका ठिकाणी मेजर जनरल म्हटले आहे, दुसरीकडे खाण-अभियंता, तर तिसरीकडे सेंट पीटर्सबर्गच्या तंत्रसंस्थेचे संचालक. ही एकच व्यक्ती का? आणि ते लढले कुठे? – एक वाचक, सांगली

उत्तर : व्यक्ती एकच, इल्या पेत्रोविच चायकोव्हस्की (१७९५–१८८०). लढले मात्र कुठेच नाहीत. १८१७ मध्ये ते पीटर्सबर्गच्या ‘मायनिंग कॅडेट कोअर’मधून बाहेर पडले. नाव लष्करी असले तरी ही १७७३ साली स्थापन झालेली खाणविद्येची शाळा. खरा घोळ १८३४ चा आहे. त्या वर्षी झार पहिल्या निकोलसने खाणखात्याचे ‘खाण-अभियंत्यांचे दल’ केले आणि त्याला सैन्याचा साचा दिला. गणवेश, खांद्यावरच्या पट्ट्या, हुद्दे सगळे फौजेसारखे. तोवर या खात्याचे स्वतःचे, जर्मन वळणाचे हुद्दे होते. ते जाऊन लेफ्टनंट कर्नल, कर्नल आले. हा साचा १८६७ पर्यंत टिकला. त्यामुळे त्या तीन दशकांतला रशियन ‘कर्नल’ दिसला की आधी दल कोणते ते पाहावे.

हुद्द्याची किंमत कळायला पीटर द ग्रेटचा १७२२ चा चौदा श्रेणींचा तक्ता हाताशी ठेवावा. लेफ्टनंट कर्नल सातव्या श्रेणीत, मेजर जनरल चौथ्या. इल्या पेत्रोविचना मेजर जनरल हा हुद्दा १८४८ मध्ये निवृत्तीबरोबर मिळाला. म्हणजे जनरल म्हणून त्यांनी सरकारी कारखानाही चालवला नाही, मग फौज तर दूरच.

प्रश्न : वोत्किन्स्कच्या कारखान्यात त्यांनी नेमके काय केले? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कस इथेच लागला. १८३७ ते १८४८ ते रशियाच्या उरल भागातल्या या सरकारी कारखान्याचे प्रमुख होते. इथे धातुकापासून लोखंड काढणारी झोतभट्टी नव्हती. बीड, म्हणजे झोतभट्टीतून निघालेले कच्चे लोखंड, उरलमधल्याच गोरोब्लागोदातच्या कारखान्यांतून येई, तेही चुसोवाया आणि कामा नद्यांतून, बर्फ वितळून पाणी चढले की. मोसम चुकला तर वर्षाचा माल अडकला. आलेल्या बिडाचे घडीव लोखंड करायचे, हे वोत्किन्स्कचे काम. नौदलाचे नांगर ही इथली खासियत.

त्यांच्या काळात इथे पडलिंगची, म्हणजे वितळलेले बीड ढवळून घडीव लोखंड करण्याची, पद्धत रुजली. सॅम्युएल पेन हा इंग्रज कारागीर त्यासाठी होता. बिडात कार्बन साडेतीन-चार टक्के असतो, म्हणून ते ठिसूळ आणि ठोकले की फुटते. जुन्या चुलीत बीड थेट लोणारी कोळशात वितळत असे आणि कोळसा अफाट जाई. पडलिंगच्या भट्टीत जळण एका कप्प्यात, धातू दुसऱ्यात. मधल्या बुटक्या भिंतीवरून ज्वाला छताला लागून खाली वळते. दोनेकशे किलोच्या घाण्याला कारागीर लांब सळईने ढवळत राहतो. लोखंडाच्या ऑक्साइडमुळे कार्बन जळतो, रस उकळू लागतो, पृष्ठभागावर निळसर ज्योती उठतात. इथे एक गंमत होते. बीड ११५०–१२०० अंशांना वितळते, शुद्ध लोखंड १५३८ ला. भट्टीचा ताव तोच राहतो, पण कार्बन गेला की रस पिठासारखा घट्ट होतो. मग त्याचे तीस-चाळीस किलोचे गोळे करून घणाखाली मळी (लोखंडात अडकलेला वितळलेला गाळ) पिळून काढायची आणि रुळांतून लाटायचे.

घाणा बिघडतो तो बहुधा तीन कारणांनी. ढवळणे अपुरे पडले की मधे कार्बनचे कडक ठिपके राहतात. मळी नीट निघाली नाही तर पट्टीला पदर सुटतात. गंधक राहिले तर लोखंड तापलेले असताना फुटते, फॉस्फरस राहिला तर थंड असताना. नांगराच्या बाबतीत थंड असताना फुटण्याचा हा दोष घातकच.

१८४७ पासून वोत्किन्स्कला जहाजबांधणीही सुरू झाली. कारखान्याच्या तलावावर बांधलेले जहाज कामा नदीपर्यंत न्यायचे तर पुन्हा वसंतातल्या पुराचीच वाट पाहावी लागे.

प्रश्न : मग तंत्रसंस्थेचे संचालकपद कसे मिळाले? – तेच वाचक

उत्तर : गरजेपोटी. सरकारी नोकरीनंतर त्यांनी उरलमधले खासगी कारखाने सांभाळले. पुढे साठवलेला पैसा बुडाला, आणि १८५८ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी हे पद घेतले. सोबत राहायला संस्थेतच घर मिळाले. १८३१ मध्ये उघडलेली ही संस्था शहरातल्या साध्या घरांतल्या मुलांना कारखान्यांसाठी तयार करणारी शाळा होती. १८६२ च्या नव्या नियमांनी ती उच्च शिक्षणसंस्था झाली, तेव्हा संचालक तेच होते. १८६३ मध्ये त्यांनी हे पद सोडले. पुढच्याच वर्षापासून रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह तिथे प्राध्यापक होते.

प्रश्न : संगीतकाराची जन्मतारीख कुठे २५ एप्रिल १८४०, कुठे ७ मे. बरोबर कोणती? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग चाले. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन तारखेत १२ दिवस मिळवावेत. १३ मिळवायचे ते विसाव्या शतकातल्या तारखांना.