टेकडी तपकिरी दिसली म्हणजे जंगल तुटले का?

प्रश्न : गुगल अर्थवर गोरेवाड्याच्या परिसराची दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रे पाहिली. एकात जंगल हिरवेगार आहे, दुसऱ्यात तपकिरी. मधल्या काळात झाडे तोडली गेली असे समजावे काय? तसे असल्यास अहवालांत वनाच्छादन वाढलेले कसे दिसते?
– एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नये. आधी दोन्ही चित्रांवरची तारीख, निदान महिना तरी पाहावा. नागपूरभोवतीचे जंगल पानझडीचे असल्याने साग उन्हाळ्यात उघडा पडतो आणि पावसाळा लागला की पुन्हा पालवतो. त्यामुळे ऑक्टोबरचे चित्र एप्रिलच्या चित्राशेजारी ठेवले, तर एकही झाड न तुटता अख्खे जंगल गेल्याचा भास होतो. तुलना नेहमी त्याच महिन्याशी करावी. नोव्हेंबर त्यासाठी सोयीचा, कारण आकाश निरभ्र असते आणि पानेही टिकून असतात. मात्र तेव्हा कपाशी आणि तूरही हिरवी असते. म्हणून अभ्यासक त्याच जागेचे उन्हाळ्यातले चित्रही पाहतात : पीक निघालेले असते, साग निष्पर्ण असतो, पण ओलिताची संत्राबाग हिरवीच राहते. जमिनीचा प्रकार असा वर्षभराच्या चढउतारावरून ओळखला जातो, एका चित्रावरून नव्हे.

चित्र किती बारीक आहे, हेही महत्त्वाचे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची ३० मीटर तपशिलाची चित्रे १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना मोफत मिळतात; २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांचा तपशील १० मीटरचा आहे. म्हणजे त्यातला एक ठिपका सुमारे १,०७६ चौरस फुटांचा, एखाद्या लहान प्लॉटएवढा. रस्त्याकडेचा एक कडुनिंब तोडला तर तो यात शोधू नये. शेतात लेआउट पडले तर मात्र घरे उभी राहण्यापूर्वीच मुरमाच्या रस्त्यांच्या आडव्या-उभ्या फिक्या रेषा उमटतात.

वनाच्छादनाचा आकडा खोटा नसतो, व्याख्या ऐसपैस असते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या आणि १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र (वरून पाहता झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेला भाग) असलेल्या जमिनीला वनाच्छादनात धरते, मग मालकी कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. दाट संत्राबागही त्यात बसू शकते. जुने जंगल घटले आणि तेवढ्याच बागा वाढल्या, तर बेरीज तीच राहते. मथळे लिहिणारे ही व्याख्या क्वचितच सांगतात.

आपल्या टेकडीपुरते सांगायचे तर चार-पाच वर्षांची नोव्हेंबरची चित्रे ओळीने पाहावीत. उन्हाळी वणव्याचा काळा डाग पावसानंतरच्या हिरवळीत बहुधा विरून जातो. तोडून मोकळी केलेली किंवा बांधकामाखाली गेलेली जागा मात्र पुढच्या नोव्हेंबरातही उघडीच दिसते, आणि तशी दिसली तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करावी.