सीझनच्या तोंडावर काय सोडायचं

प्रिय बाय,

तुझा मेल वाचला. 'पद्धतीने काम करू, की मालक म्हणतात तसं?' हा प्रश्नच मला पटला नाही, म्हणून हे लांबण. पर्वरीतल्या तुमच्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत विक्री, वसुली आणि पगाराची काळजी सगळी मालकांच्या डोक्यावर. कळंगुटच्या हॉटेलवाल्याला त्यांनी ऑक्टोबरआधीची तारीख दिली, कारण सीझन सुरू झाल्यावर रिसेप्शनवर नवं सॉफ्टवेअर कोण लावून घेणार? तारीख खरी आहे, ती मानायची. काम कमी करायचं. तपासणी कमी करायची नाही.

तू मात्र भलत्याच गोष्टींसाठी भांडतेस. रोजची पंधरा मिनिटांची स्क्रम बैठक, रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे झाल्या कामाची उजळणी, स्टोरी पॉइंट म्हणजे काम किती मोठं त्याचे गुण! अगो, एका खोलीत पाठीला पाठ लावून बसता तुम्ही. 2001 च्या फेब्रुवारीत युटाच्या डोंगरात जमलेल्या 17 जणांनी अजाइलचा, म्हणजे तुझ्या या 'पद्धती'चाच, जाहीरनामा लिहिला, त्यात माणसं आणि त्यांचा संवाद प्रक्रियेच्या वर ठेवलाय. स्टोरी पॉइंट त्यात शोधूनही सापडणार नाहीत. बैठका गेल्या तर खुशाल जाऊ देत. टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर चालतंय का ते आपोआप तपासणारा कोड, जाता कामा नयेत.

'टेस्ट सीझननंतर लिहू' म्हणतात ना मालक? सीझन संपला की नवं गिऱ्हाईक येतं आणि त्या टेस्ट कायमच्या राहतात. सरकारही कुणाच्या सीझनसाठी थांबत नाही. हॉटेलच्या खोल्यांवरचा जीएसटी 2019 मध्ये 1 ऑक्टोबरला बदलला, 2022 मध्ये 18 जुलैला बदलला, आणि 2025 मध्ये 22 सप्टेंबरपासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 12 चे 5 टक्के झाले. ऐन बुकिंगच्या दिवसांत! कोडमध्ये जागोजागी 12 लिहून ठेवणाऱ्याने तेव्हा काय करायचं? ॲडव्हान्स आधी घेतलाय, पाहुणा नंतर येणार, त्याचं बिल कसं निघेल हे कुणाला विचारायचं? कराचे दर तारखेप्रमाणे एका तक्त्यात असले आणि बिलाच्या टेस्ट असल्या, तर एक ओळ वाढवून टेस्ट चालवता येतात. ॲडव्हान्सचं मात्र सीएला विचारायचं, आणि त्याच्या उत्तराचीही टेस्ट लिहायची.

या हट्टापायी माझी गिऱ्हाईकं गेली. एका भागीदाराशी बोलणं तुटलं, त्याचं अजून वाईट वाटतं. 'तू धंद्याच्या लायकीचा नाहीस,' म्हणायचा. नसेनही. पण बिल चुकलं की शिव्या रात्रपाळीच्या पोराला पडतात, ते त्याला दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं. आजही मी तेच करीन.

तेव्हा मालकांसमोर 'हे होणार नाही' म्हणत जाऊ नकोस, कागद घेऊन जा. बुकिंग, बिल, रद्द केल्यावरचा परतावा: हे ऑक्टोबरआधी, टेस्टसकट. व्हॉट्सॲपचे संदेश, रंगीत डॅशबोर्ड, रेस्टॉरंटचा हिशेब: यातलं काय पुढे ढकलायचं ते त्यांना ठरवू दे. बिल किती तपासायचं, ते तू ठरवायचं. ते चिडतील. तरीही काम कमी करायचं, तपासणी कमी करायची नाही, यावरून हलू नकोस.

आणि दर शुक्रवारी कळंगुटला जा. स्लाइड दाखवत बसू नकोस, रिसेप्शनवरच्या मुलीलाच बिल काढायला लाव. ती कुठे अडली ते मला कळव.

तुझा काका