अर्ध्या वितीचं अंतर

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री उशिरा पाहिला. 'मॅडम, आता बस झालं', आणि खाली फोटो फिनिशचं, म्हणजे रेषेवर टिपलेलं चित्र. ते मोठं करून मी बराच वेळ बघत बसले. तिसरी आलेली मुलगी आणि चौथी तू, मध्ये एक शतांश सेकंद. तुझ्या वेगाने ते अंतर होतं आठ-नऊ सेंटीमीटर. अर्धी वीतसुद्धा नाही. फोन केला असता तर तू 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणाली असतीस आणि मनात तेच धरून बसली असतीस. म्हणून लिहितेय.

1984 च्या लॉस एंजेलिसचं नाव काढलं की आपल्याला पी. टी. उषा आठवते. 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिची वेळ 55.42, कांस्यपदक गेलं 55.41 ला. त्याच ऑलिंपिकमध्ये जमैकाची मर्लिन ऑटी 100 आणि 200 मीटर, दोन्हींत तिसरी आली होती. त्याआधी 1980 ला मॉस्कोत 200 मीटरमध्येही तिसरीच. तिथे तिची वेळ 22.20 आणि दुसऱ्या क्रमांकाची 22.19. म्हणजे तुझा तो शतांश तिला विशीतच भेटला होता. पुढे वीस वर्षं त्याने तिची पाठ सोडली नाही.

1993, स्टुटगार्टची जागतिक स्पर्धा. 100 मीटरच्या फायनलमध्ये अमेरिकेची गेल डेव्हर्स आणि ऑटी एकदमच रेषेवर आल्या. दोघींची वेळ 10.82. घड्याळाला फरक कळेना, तेव्हा फोटो तपासला आणि सुवर्ण डेव्हर्सला गेलं. फोटोत डोकं बघत नाहीत, हात बघत नाहीत, फक्त धड बघतात, हे तुला मी किती वेळा सांगितलंय! ऑटी तेव्हा 33 वर्षांची होती. त्याच आठवड्यात ती 200 मीटरच्या फायनलला उभी राहिली आणि 21.98 मध्ये जिंकली. खुल्या मैदानावरच्या जागतिक स्पर्धेतलं तिचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण ते.

मला कायम प्रश्न पडतो, मधल्या दिवसांत तिने काय केलं असेल? जेवली असेल, झोपली असेल, हीट, म्हणजे पहिली फेरी पळाली असेल, सेमी पळाली असेल. हीट कोणासाठी थांबत नाही. तुझीही 200 मीटरची शर्यत बाकी होती आणि तू नाव मागे घेतलंस. ती चौथी जागा मला लागली नाही, हे नाव मागे घेणं लागलं.

तीन वर्षांनी अटलांटात पुन्हा तेच. ऑलिंपिकची फायनल, पुन्हा डेव्हर्स, दोघींची वेळ 10.94, पुन्हा फोटो, पुन्हा सुवर्ण डेव्हर्सला. 36 वर्षांच्या बाईने इथे थांबायचं ठरवलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण साधारण सहा आठवड्यांनी ती मिलानला 10.74 पळाली. आयुष्यातली तिची सर्वांत वेगवान 100 मीटर तीच. तुला 23 व्या वर्षी 'वय झालं' म्हणणाऱ्या काकांना हे दोन आकडे सांग, 36 आणि 10.74. ते ऐकतील असं नाही, पण तुझ्या कानावर पडलेले बरे.

तिच्याही हातून चूक झाली होती. 1997 ला अथेन्समध्ये 100 मीटरच्या फायनलला फॉल्स स्टार्ट झाला, परत बोलावणारी गोळी तिला ऐकूच आली नाही आणि ती जवळजवळ अर्धं अंतर जोरात पळत सुटली. परत येऊन ब्लॉकमध्ये बसली तेव्हा पायात काय उरलं असणार? सातवी आली. त्याच स्पर्धेत 200 मीटरमध्ये कांस्य घेऊन गेली.

तिचं सगळंच मला पटतं असं समजू नकोस. 2000 साली जमैकाच्या निवड चाचणीत ती चौथी आली होती, तरी सिडनीत 100 मीटर पळण्यासाठी पहिली आलेल्या मुलीला बाजूला ठेवलं गेलं. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. तिथेही ती एका शतांशाने चौथी आली, 11.18 ला 11.19. पुढे त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मेरियन जोन्सने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली, तिची पदकं गेली आणि 2009 च्या डिसेंबरमध्ये ते कांस्य ऑटीकडे आलं. तेव्हा ती 49 वर्षांची होती. एकूण नऊ ऑलिंपिक पदकं, त्यात सुवर्ण एकही नाही.

उत्तेजकांचा विषय निघालाच आहे तर ऐक. 1999 मध्ये ऑटीच्याच नमुन्यात नॅन्ड्रोलोन सापडलं होतं. ती सुरुवातीपासून नाकारत राहिली, आणि पुढच्या वर्षी तिच्यावरची बंदी उठली. पण मधलं वर्ष गेलं ते गेलंच. जिममधल्या कोणी दिलेला पावडरचा डबा उघडायचा नाही. सर्दीची गोळीसुद्धा आधी मला विचारून.

आता तुझ्या शर्यतीबद्दल. व्हिडिओ मी सात-आठ वेळा पाहिला. साठ मीटरपर्यंत तू तिसरी होतीस, स्पष्ट तिसरी. ऐंशीला तू मान डावीकडे वळवलीस. तिथे खांदा उघडला, पाऊल लांबलं, आणि मग घाईने डिप मारलास, छाती पुढे झोकलीस, रेषेच्या दोन पावलं आधी. रेषेवर येईपर्यंत छाती पुन्हा वर आली होती. ते आठ सेंटीमीटर तिथे गेले. हे नशीब नाही गं, हे दुरुस्त होतं. शेजारच्या लेनमध्ये काय चाललंय ते तुला कळून काही उपयोग नाही, ते बघायला मी आहे.

मी 22 व्या वर्षी स्पाईक्स माळ्यावर टाकले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हॅमस्ट्रिंग दुखावला होता, राज्य स्पर्धेत पाचवी आले, घरी आले आणि पुढच्या मोसमाला नाव दिलंच नाही. त्या पाचव्या जागेचं दुःख वर्षभरात विरलं. नाव दिलं नाही याचं अजून आहे. म्हणून तुझ्या मेसेजने मला रात्री झोप लागली नाही.

चार दिवस आईजवळ राहा, पोटभर जेव, रडायचं तेवढं रड. सोमवारी सहाला ट्रॅकवर ये. आधी वळणावरचं पळणं करू, मग शेवटचे तीस मीटर, रेषेच्या पुढे पाच मीटरवर खुणेचा प्लास्टिकचा कोन ठेवून. स्पाईक्सचे पुढचे दोन खिळे झिजलेत, ते येताना बदलून आण.

तुझी,
मॅडम