'रेडिएशनवाली' सून कोण करून घेणार?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रुग्णालयात किरणोपचाराचा डोस ठरवणारी-तपासणारी फिजिक्सतज्ज्ञ, व्हायचंय आणि तुमचा आग्रह तिसऱ्यांदा नीट देण्याचा. का, तर 'रेडिएशनमधल्या मुलीला स्थळं येणार नाहीत, मूलबाळ व्हायलाही अडचण येईल.' पत्रात नीटचे मार्क आहेत, क्लासची फी आहे, साडूंचा एमबीबीएस झालेला मुलगाही आहे. मुलगी स्वतः काय म्हणाली, हे मात्र कुठेच नाही. मला मार्कांपेक्षा याचीच काळजी वाटली. दोनदा सीट हुकल्यावर रडत न बसता जिनं आपली वाट शोधली, तिला तुम्ही पुन्हा त्याच दारात नेऊन उभं करताय. आणि स्थळांचं म्हणाल, तर जे पाहुणे अजून आलेच नाहीत त्यांना विचारून पोरीचं शिक्षण कसं ठरवता?

आता भीतीचं. कॅन्सरवर किरण देणारं लिनॅक मशीन विजेवर चालतं. बटण बंद की किरण बंद. काही मशीनमध्ये असणारा कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू मात्र सतत किरण सोडतो, म्हणून उपचार नसताना तो जाड आवरणात बंद असतो. किरण सुरू असताना खोलीत एकटा रुग्ण. बाकी सगळे काँक्रीटच्या जाडजूड भिंतीपलीकडे, स्क्रीनवर नजर ठेवून. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, किती किरण लागले ते त्यावरून मोजतात. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेले किरण मोजण्याचं एकक). गरोदरपण कळवलं की पुढच्या महिन्यांत बाळासाठी मर्यादा फक्त १ मिलिसिव्हर्ट. तुमच्या-माझ्यासारख्यांना वर्षाला तेवढीच असते! 'रेडिएशन म्हणजे वांझपण' हे या डोसाला लागू नाही.

काम काय असतं, तेही सांगतो. सकाळी पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी मशीन ठरलेला डोस बरोबर देतंय का ते तपासायचं. मग गाठीला किती किरण, शेजारच्या मज्जारज्जूला किती, याचा हिशेब डॉक्टरांसोबत बसवायचा. इथे काही मिलिमीटरची चूकही महागात पडते. यात फिजिक्सवालीचा शब्द डॉक्टरलाही ऐकावा लागतो.

वाट सरळ आहे: एमएस्सी फिजिक्स, मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, पुढे रुग्णालयात इंटर्नशिप. प्रवेशाला चुरस आहे, त्यामुळे आत्ता तिला बीएस्सीचाच अभ्यास करू द्या.

नीटच्या क्लासचा हप्ता भरला नसेल, तर भरू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.