नऊ औषधांची चिठ्ठी आणि कापलेली पट्टी

हृदयाच्या पेशंटच्या घरच्यांकडून परत तेच प्रश्न आलेत, म्हणून परत तेच लिहितोय.

प्रश्न : लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरच्या काढ्याने हृदयाच्या नसांमधले ब्लॉकेज निघतात का?

नाही.

प्रश्न : आमचं रेशन कार्ड पांढरं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोफत उपचार मिळतील का?

मिळतात. आधी पिवळं-केशरी लागायचं, आता योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, किंवा आधी 155388 ला फोन करा. पण पेशंट सिरियस असेल तर कागद गोळा करत घरी बसू नका, आधी ॲडमिट करा.

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन (बंद नस उघडून स्टेंट बसवून) 4 महिने झाले. आता काही दुखत नाही आणि खर्च झेपत नाही, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या दिवसाआड देतोय. चालेल ना?

नाही चालणार, आणि आजच त्यांच्या डॉक्टरांना गाठा. दुखत नाही कारण स्टेंट उघडा आहे, आणि तो उघडा राहायला त्या गोळ्या लागतात. स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यावर आतून नसेचं अस्तर चढायला काही महिने जातात, तोवर गोळी चुकली तर तिथेच गुठळी होऊन स्टेंट एकदम बंद पडू शकतो आणि तो अटॅक साधा नसतो.

मध्यंतरी एक काका पिशवीभर औषधं घेऊन आले. चिठ्ठीवर नऊ नावं. क्लोपिडोग्रेलची, म्हणजे त्याच रक्त पातळ करायच्या गोळीची, पट्टी कात्रीने कापून चारच गोळ्या आणलेल्या, कारण मजुरी आठवड्याला मिळते. आणि गॅसची गोळी, टॉनिकची बाटली, व्हिटॅमिन हे मात्र महिन्याचं भरलेलं! का, तर टॉनिकने तरतरी येते, हृदयाच्या गोळीने काही जाणवतच नाही. सगळ्यांचं हेच होतं, कापायची वेळ आली की नेमकी कापू नये तीच गोळी कापली जाते. (गॅसची गोळीसुद्धा काहींना पोट जपायला मुद्दाम दिलेली असते, ती पण मनाने बंद करू नका.) त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगा, साहेब महिन्याला माझ्याकडे एवढेच पैसे आहेत, यात बसवून द्या. लाज कसली त्यात? जेनेरिक नावं, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाची मूळ नावं, लिहून मागा, जनऔषधी केंद्रात तीच औषधं ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मेडिकलवाला 'त्याने गुण येत नाही' म्हणेल, त्याला त्याचं मार्जिन प्यारं. आणि कुठली गोळी कधी थांबवायची ते मेडिकलवाला किंवा शेजारी नाही, तुमचे डॉक्टरच ठरवणार.

प्रश्न : स्टेंटचे दर सरकारने बांधलेत, तरी बिल एवढं कसं?

2017 ला दर बांधले, त्याआधी औषधाचा लेप असलेला स्टेंट लाखाच्या वर जायचा. मग काही ठिकाणी तेच पैसे बलून (नस उघडायचा फुगा), कॅथेटर (नळी) आणि 'पॅकेज'मध्ये शिरले. प्रत्येक वस्तूचं वेगळं बिल आणि स्टेंटचं स्टिकर मागून घ्या. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. जागा नाही म्हणाले तर तक्रारीला धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे.

प्रश्न : रात्री छातीत दाबल्यासारखं होऊन घाम आला तर सकाळपर्यंत थांबून बघावं का? आजूबाजूचे गॅस म्हणतात.

108 लावा, गाडी फुकट येते. गॅस आहे की अटॅक ते ईसीजी काढल्यावर बघू.