ग्रँड कॅन्यनमध्ये एका दिवसात नदीपर्यंत उतरून वर येता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये लास वेगासहून आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यनला जाताय, हातात एकच दिवस आहे, सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकंती झालेली आहे. सकाळी उतरून, नदीला हात लावून संध्याकाळी वर येता येईल का, आणि नाहीतर कुठवर जावं?

खालच्या कोलोरॅडो नदीचा विचार सोडा. साउथ कायबाब नावाच्या वाटेने सीडर रिज नावाच्या टप्प्यापर्यंत उतरा आणि परत या. जाऊन-येऊन 3 मैल, म्हणजे पाचेक किलोमीटर. मी फिनिक्समध्ये राहतो. भारतातून कुणी आलं की कॅन्यनची वारी ठरलेलीच असते, आणि आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. निम्मे लोक नाराज होतात. वर परत आल्यावर होत नाहीत.

सह्याद्रीची सवय इथे दगा देते. गडावर आपण आधी चढतो. दम लागला, पाय भरून आले की तिथूनच मागे फिरतो आणि परतीला सगळा उतारच असतो. इथे सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी भराभर खाली जायचं. अंगातलं त्राण कमी झाल्याचं कळतं तेव्हा अख्खा चढ शिल्लक असतो, तोही दुपारच्या उन्हात. शिवाय जितकं खाली जाल तितकं गरम होतं. त्यात उंची पाहा: वाटेचं तोंड सुमारे 7,200 फुटांवर आहे आणि आपलं कळसूबाई 5,400 फूट. सीडर रिजला 1,120 फूट उतरूनसुद्धा तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वरच असता. मुंबई-पुण्याच्या फुप्फुसांना ही विरळ हवा चढावर चांगलीच जाणवते. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. नदी तर या वाटेने जवळजवळ 4,800 फूट खाली आहे, आणि एका दिवसात नदी करून येऊ नका, असं नॅशनल पार्कवालेही स्पष्ट सांगतात.

ब्राइट एंजल ही दुसरी प्रसिद्ध वाट. ती घळीतून उतरते, त्यामुळे सावली जास्त, मध्ये विसाव्याच्या जागा, पण समोरचं दृश्य बराच वेळ अडलेलं. साउथ कायबाब सुरुवातीचा कडा उतरली की डोंगराच्या धारेवरून जाते आणि दोन्ही बाजूंना दरी उघडी पडते. गंमत म्हणजे ही वाट भांडणातून जन्मली. ब्राइट एंजलवर राल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाचा ताबा होता आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा. त्याला वळसा घालायला पार्कवाल्यांनी 1924-25 मध्ये कडा फोडून ही नवी वाट काढली. (टोलला वैतागून नवा रस्ताच काढावा, हे आपल्याला समजायला जड नाही.)

आता खडकांबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. वाट सुरू होते ती फिकट, पिवळट चुनखडीतून. कड्याला खेटून नागमोडी वळणं लागतात. मग पांढुरका कोकोनिनो वाळूखडक येतो. तिथे थांबून भिंत जवळून पाहा: खडकात तिरप्या रेघा दिसतील. त्या प्राचीन वाळवंटातल्या टेकड्यांच्या उतरत्या बाजू आहेत, वारा वाळू टाकत गेला तशा थरावर थर गोठलेल्या. त्याच्याखाली एकदम लाल. पांढरा कडा जिथे लाल मातकट हर्मिट खडकावर टेकतो ती रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ आहे. इथून पुढे बूट लाल, मोजे लाल, सॅकचा तळ लाल, आणि ती बारीक धूळ दाताखाली कचकचते. सीडर रिज याच लाल थरात आहे.

तिथून पलीकडे खाली उभा लाल कडा दिसतो तो रेडवॉल. तो मुळात लाल नाहीच, आतून करडा चुनखडक आहे. वरच्या लाल थरांतून लोहाचा गंज पावसाबरोबर ओघळत आला आणि बाहेरची बाजू रंगली. नुकता ताजा तुकडा निखळला असेल तिथे करडं पोट दिसतं. बाबांना सांगायला आणखी एक: समोरच्या सुळक्यांमध्ये झोरोआस्टर टेंपल आणि ब्रह्मा टेंपल आहेत. विष्णू आणि शिवाच्या नावाचेही सुळके या दरीत आहेत. एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने अशी नावं द्यायला सुरुवात केली.

सीडर रिजवर शौचालय आहे, पाणी नाही. या वाटेवर कुठेच नाही. माणशी दोन लिटर तरी वाटेच्या तोंडाशी नेणारी बस पकडण्याआधी भरून घ्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मळमळ, चक्कर सुरू होते, म्हणून खारट खात राहा. चिवडा, खारे शेंगदाणे उत्तम. फक्त खारींना देऊ नका. त्या बिनधास्त मांडीवर चढतात आणि कडकडून चावतात.

खेचरांचा तांडा समोरून आला तर डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला नाही, आणि खेचरवाला सांगेल तसं करा. खेचरांनी जागोजागी करून ठेवलेली डबकी आणि त्यांचा वास हाही या वाटेचा भाग आहे, फोटोत येत नाही एवढंच. उताराला आडवे ओंडके टाकलेत, ते गुडघ्यांना त्रास देतात. काठी असेल तर घ्या.

आई-बाबांना खाली नेऊ नका. वरच्या काठाने सपाट, डांबरी वाट आहे. तिच्यावर यावापाई संग्रहालयापासून ‘ट्रेल ऑफ टाइम’ सुरू होते: एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागे, आणि त्या त्या काळाचे खडक वाटेच्या कडेला मांडलेले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण 66व्या मीटरवर बसेल. पायाखालच्या काठाची चुनखडी 270च्या आसपास येते, आणि दरीच्या तळाचा विष्णू शिस्ट नावाचा खडक यायला पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. हात लावायला परवानगी आहे, बसायला बाकं आहेत. तुम्ही वर येईपर्यंत त्यांचा वेळ छान जाईल.

साउथ कायबाबच्या तोंडापर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. व्हिजिटर सेंटरहून मोफत बस जाते. उजाडताना चालायला लागलात तर दहाच्या आत वर याल. ऑक्टोबरच्या पहाटे काठावर कडाक्याची थंडी असते, जाकीट लागेलच.

आणि बुकिंग करताना नीट वाचा. वेगासमध्ये ‘ग्रँड कॅन्यन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच एकदिवसीय सहली वेस्ट रिमला, म्हणजे दरीच्या पश्चिमेकडच्या काठाला जातात. ती हुआलापाय या आदिवासी जमातीची जमीन, काचेचा स्कायवॉक तिथला. मी सांगतोय ती वाट साउथ रिमला, म्हणजे दक्षिण काठाला आहे, वेगासहून गाडीने साडेचार तासांवर. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच निघून टुसायान किंवा विल्यम्सला मुक्काम करा. टुसायान अगदी दारात, पण महाग. विल्यम्स तासाभरावर, जरा स्वस्त.