आठ मेंढ्या, एक मेंढा आणि मोडायला काढलेली ठेव

तुमच्या पत्राचा गोषवारा असा: निवृत्तीला दोन वर्षे झाली आहेत, घराला लागून चार एकर गवताळ जमीन आहे, आणि मुदत संपत आलेल्या ठेवीतून आठ मेंढ्या व एक मेंढा घ्यायचा बेत आहे. 'हौसही भागेल आणि कळप आपला खर्च आपणच काढेल,' असे तुम्ही लिहिता. यातला हौसेचा भाग मला मान्य आहे. खर्च निघण्याचा भाग मात्र कागदावर मांडून पाहिला की टिकत नाही.

तुम्ही हिशेब जनावरांच्या किमतीपासून सुरू केला आहे. खरा पैसा कुंपणात जातो. एक एकराचा चौकोनी तुकडा घ्या, त्याचा घेर सुमारे 255 मीटर भरतो. चार एकरांचा सुमारे 510. म्हणजे जमीन चौपट झाली तरी जाळी दुप्पटच लागते. मोठ्या कळपवाल्याला हे गणित फायद्याचे पडते, कारण त्याचे कुंपण शेकडो जनावरांवर वाटले जाते. तुमच्या नऊ जनावरांत प्रत्येकाच्या वाट्याला 55 मीटरहून जास्त कुंपण येते. शिवाय आतही भाग पाडावे लागतील, कारण त्याच त्या जागी रोज चरली की मेंढ्यांना जंत होतात. मोकाट कुत्र्यांमुळे कुंपणात काटकसर करता येत नाही. एका रात्रीत सगळा कळप जाऊ शकतो.

मग चारा. गवत नसलेले चार महिने धरा. दर जनावरामागे नासधूस धरून रोज दीड किलो वाळलेला चारा लागला, तर नऊ जनावरांना 1,600 किलोंच्या वर जातो. तो विकत घ्यायचा, वाहून आणायचा आणि कोरडा ठेवायचा. त्यासाठी लागणारे छप्पर तुमच्या यादीत दिसले नाही. क्षारमिश्रण घेताना गाईगुरांचे पोते स्वस्त मिळाले म्हणून उचलू नका. त्यातले तांबे मेंढीला विषासारखे बाधते.

उत्पन्नाच्या बाजूला तुम्ही लोकर लिहिली आहे. ती खोडा. थोड्या मेंढ्यांसाठी बोलावलेल्या कातरणाऱ्याची मजुरी बहुधा लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. राहिली कोकरे. मेंढी पाच महिने गाभण राहते, कोकरू विकण्याजोगे व्हायला आणखी काही महिने जातात. म्हणजे पहिले वर्षभर पैसा फक्त बाहेर जाणार. लसी, जंतनाशके, खुरांची छाटणी आणि अडलेल्या वेतासाठी रात्री बोलावलेला पशुवैद्य हे सगळे त्याच काळात. कळप लहान असला म्हणून पशुवैद्याची फेरी स्वस्त होत नाही.

मेंढ्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका. एक मेंढा तीस-चाळीस माद्यांना पुरतो. आठ माद्यांसाठी त्याला वर्षभर पोसायचे, पुढे त्याच्याच लेकी माजावर आल्या की बदलायचा, आणि तो टक्कर मारतो ते वेगळेच. पैदास करायचीच असेल तर हंगामापुरता निरोगी मेंढा कुणाकडून आणा.

एक प्रश्न तुमच्या पत्नीशी आधीच बोलून घ्या. मेंढी दहा-बारा वर्षे जगू शकते, पण चांगली वेते त्याच्या निम्म्याच काळात येतात. म्हातारी मेंढी आणि नको असलेले नर मांसासाठी विकायला तुमचे मन तयार आहे का? नसेल तर त्यातही काही वावगे नाही. मग मात्र ती पाळीव जनावरे झाली, आणि त्यांचा खर्च सहलीच्या किंवा बागेच्या खर्चाशेजारी लिहायचा, गुंतवणुकीत नव्हे.

ठेवीचे सांगतो. तिच्या व्याजावर तुमचा महिना चालतो, त्यामुळे मुद्दलाला हात लावू नये. आजारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कमही या हिशेबात आणू नका. उरलेल्या बचतीतून अशी रक्कम ठरवा, जी पूर्ण बुडाली तरी तुमचे मासिक उत्पन्न बदलणार नाही. त्यात एका एकराचे चांगले कुंपण, साधे छप्पर आणि तीन-चार खच्ची केलेले नर बसवा. दोनपेक्षा कमी तर घेऊच नका, एकटे जनावर भेदरून राहते. नरांना वेत नाही, त्यामुळे रात्रीची धावपळही कमी. वर्षभर चारा, औषध, मजुरी आणि तुम्ही गावाला गेलात की राखण करणाऱ्याचे पैसे, सगळे वहीत लिहा.

वर्षाअखेरीस ती वही घेऊन बसू. माद्या घ्यायच्या की नाही हे तेव्हा ठरवता येईल. सध्या कुंपणाचे दोन ठिकाणचे दर मागवा आणि मुदत संपण्यापूर्वी ठेवीच्या नूतनीकरणाची सूचना बँकेत देऊन ठेवा.